मूठभर धान्य आणि विद्यार्थ्यांची पंगत

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दीत व्याख्यानाचा विषय अन्नछत्र असावा, याचे कारेलीबागेतील श्रोत्यांना थोडे नवल वाटेल. परंतु पोथी आणि पोळी यांची मराठी मुलखातील सोयरीक फार जुनी आहे. शिकू पाहणाऱ्या गरीब मुलापुढचा पहिला प्रश्न पुस्तकाचा नसे. दुपारी जेवायचे कोठे, हा असे. पुण्यात त्याचे उत्तर माधुकरी आणि वार लावून जेवणे हे होते. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा निभावत कित्येक मुले विद्वान झाली. त्या घरांचे ऋण मोठेच. तथापि या व्यवस्थेला दोन मर्यादा होत्या. एक, ती बहुतांशी ब्राह्मण मुलांपुरतीच होती. दुसरी, तीत मुलगा एकटा असे. त्याचे पोट भरे, पण त्याच्याबरोबर दुसऱ्या कोणाचे भरत नसे.

बडोद्याची रीत वेगळी होती. येथे संस्थानकाळी सरकारी खर्चाने खिचडी वाटली जाई. देणारा एक आणि घेणारे अनेक, असा तो दानधर्म. त्यात गावाला करण्यासारखे काही नव्हते. पाहणे तेवढे होते.

या दोन्हींहून निराळी वाट साताऱ्यात पडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका स्वयंपाकघरातले अन्न एका पंगतीत बसून खात. याचे मोल कळायचे तर कोल्हापूरकडे पाहावे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहांची मालिकाच उभी केली. ते कार्य अपूर्व होते, परंतु त्यातील बहुतेक वसतिगृहे जातवार होती. साताऱ्यात भिंती पडल्या. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. नाव मोठे मिळाले, पण कोठीतील ज्वारी काही त्यामुळे वाढली नाही.

कोठी भरली ती मुष्टिफंडाने. योजना अगदी साधी होती. घरातल्या बाईने रोजच्या रांधपाच्या धान्यातून एक मूठ बाजूला ठेवायची आणि साठलेले धान्य वसतिगृहाच्या मुलांनी झोळीत घालून न्यायचे. एका मुठीने कोणतेही घर उपाशी पडत नाही. ज्या घरात रोख चार आणे काढणे जड, त्या घरातही मूठभर ज्वारी-बाजरी निघते. शिवाय वर्गणी पुरुषाच्या खिशातून येते, मूठ मात्र बाईच्या हातून. वर्गणीच्या यादीत तिचे नाव कधी नसते. येथे देणारी तीच होती. आणि वर्षातून एकदा देऊन मोकळे होता येत नसल्यामुळे चुलीपाशी बसताना तिला साताऱ्याच्या त्या मुलांची रोज आठवण व्हायची. फंडाची खरी मिळकत बहुधा हीच असावी.

मग प्रश्न येतो तो दारात झोळी घेऊन उभ्या असलेल्या मुलाचा. ही भीकच नव्हे काय? भाऊरावांनी याचे उत्तर शब्दांपेक्षा कामाने दिले. मुलांनी पाणी भरावे, स्वयंपाकाला हात लावावा, शेतात खपावे, दगडमातीचे काम करावे आणि मग शिकावे, असा तेथे दंडक होता. 'कमवा व शिका' ही योजना पुढे साऱ्या महाराष्ट्राने उचलली, तिचे मूळ या घामात आहे. शिवाय गोळा केलेले धान्य मागणारा मुलगा एकटा खात नसे. ते सामाईक कोठीत पडे आणि दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जातीच्या मुलाच्या ताटात जाई. मागण्याची लाज तेथे बरीचशी विरते. स्वतःसाठी हात पसरणे आणि पंगतीसाठी झोळी धरणे यांतले अंतर त्या वयातली मुले आपल्या समजुतीहून लवकर ओळखतात.

लोकांनी तरी दिले का? एका गोष्टीकडे चरित्रकारांचे लक्ष असते, वाचकांचे मात्र क्वचित जाते. संस्था काढण्यापूर्वी भाऊराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे फिरते विक्रेते होते. नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या बांधावर जावे लागते, त्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याच्या बोलीत बोलावे लागते. त्या पायपिटीने जोडलेली माणसे पुढे मुष्टिफंडाच्या कामी आली. दारात आलेला मुलगा अनोळखी असला, तरी त्याला पाठवणारा ओळखीचा होता. आजही देणगीपत्रके छापण्यावर ज्यांचा भर असतो, त्यांनी हा नांगर ध्यानात ठेवावा.

तरीही कोठी रिती व्हायची. अशा वेळी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले; भाऊराव परगावी असताना मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्या वारल्या. शाळाशाळांतून ही कथा इतक्यांदा सांगितली जाते की तिची धार बोथट झाली आहे. पण मुष्टिफंडाचा हिशेब मांडताना तुटीच्या रकान्यात ते मंगळसूत्र लिहावेच लागते. लोकाश्रय पुरा पडला, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

लोकाश्रयाची दुसरी परीक्षा 1948 नंतर झाली. सरकारी अनुदान बंद झाले तेव्हा संस्था मिटेल, असे पुष्कळांना वाटले. गाडगेबाबांसारखी माणसे पाठीशी उभी राहिली, गावोगावच्या लोकांनी हात दिला आणि पुढे अनुदानही पूर्ववत झाले. याच्या उलट बाजूला महाराष्ट्र सरकारची 1995 मधील एक रुपयातील झुणका-भाकर योजना आहे. हेतू चांगला, भाकरी गरम. परंतु ती केंद्रे शेजारच्या वस्तीला आपली वाटली नाहीत. योजना बंद पडली तेव्हा ती टिकवण्यासाठी कोणी मूठ राखून ठेवलेली नव्हती. पुण्यात हमाल पंचायतीने 1974 मध्ये सुरू केलेले 'कष्टाची भाकर' मात्र तग धरू शकले, कारण त्यामागे हमालांची स्वतःची संघटना होती.

बडोदेकरांना हे तत्त्व परके नाही. महाराजा सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डेन यांना पाचारण करून जी ग्रंथालययोजना उभारली, तिच्यात खेड्याने आधी आपला वाटा जमवायचा, मग तेवढाच प्रांत पंचायतीने आणि तेवढाच सरकारने द्यायचा, असा नियम होता. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावागावांत मंडळे उभारून तो वाटा जमवला. पैसे सरकारपाशी नव्हते, असे नाही. पण गावाने तिसरा हिस्सा घातलेले कपाट गाव सांभाळते, हे महाराजांना ठाऊक होते. मूठ आणि तिसरा हिस्सा ही एकाच विचाराची दोन मापे.

आज सयाजी रुग्णालयाच्या आवारात बाहेरगावच्या रुग्णांचे नातलग दिसतात, तेव्हा कारेलीबागेतील महाविद्यालयीन मुलांनी त्यांच्यासाठी घरोघर फिरून पोळ्या जमवाव्यात, असे कोणी सुचवील, तर त्यांना भांडवल फारसे लागणार नाही. लागेल तो ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. घरी चार पोळ्या जास्त लाटून ठेवल्या आणि मुलगा आलाच नाही, असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा त्या लाटल्या जात नाहीत.

साताऱ्यात 1940 मध्ये भाऊरावांनी रयतेचे पहिले हायस्कूल काढले. त्याच्या आदल्याच वर्षी, 6 फेब्रुवारी 1939 रोजी, सयाजीराव महाराज निवर्तले होते. साताऱ्याच्या त्या हायस्कूलला नाव दिले गेले ते 'महाराजा सयाजीराव हायस्कूल'.