पहिले पाढे पंचावन्न नकोत

आजचा विषय तांत्रिक आहे, पण गरज अगदी घरगुती आहे. देशात आपल्या घरांमधून जुन्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून घेण्याचं काम सध्या चाललेलं असतं. आईवडिलांचं लग्न, मुंज, घरचा गणपती, आता नसलेल्या आजोबांचा आवाज. गावाकडचा स्टुडिओ ४० जीबीची एकच फाइल बनवतो, दुवा पाठवतो आणि सांगतो, "आठ दिवसांत उतरवून घ्या, मग आम्ही काढून टाकू."

आता हिशेब करू. तुम्हाला प्रत्यक्षात २० मेगाबिटचा वेग मिळाला, तर ४० जीबीला साधारण साडेचार तास लागतात. चार तासांनी, ३६ जीबी आल्यावर, वायफाय गेलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तर पुन्हा साडेचार तास. थांबलो तिथून पुढे गेलो तर सत्तावीस मिनिटं. पारायण अर्ध्यावर थांबलं तर आपण पोथीत खूण ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच वाचतो. इथेही तेच करायचं आहे.

ही सोय नवी नाही. १९९७ सालच्या एचटीटीपी १.१ प्रमाणकातही ती होती. सर्व्हरला आपण सांगू शकतो की अमुक बाइटपासून पुढचं दे. या विनंतीला 'रेंज' म्हणतात. पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींत हे जमतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि पुढच्या पायऱ्या सांगा.

पहिली पायरी. अर्धवट फाइलला वेगळं नाव द्या, शेवटी 'पार्ट' जोडा. म्हणजे पूर्ण कोणती आणि अपुरी कोणती यात घोळ होत नाही.

दुसरी. स्क्रिप्ट सुरू होताच त्या फाइलचा आकार पाहा. बाइटची मोजणी शून्यापासून होते. म्हणून हजार बाइट आले असतील, तर ० ते ९९९ आपल्याकडे आहेत आणि मागायचं १००० पासून. जो आकार, तोच पुढचा क्रमांक.

तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. सर्व्हरच्या उत्तराचा क्रमांक तपासा. २०६ आलं तर त्याने मागितलेला तुकडाच दिला आहे. फाइल 'अपेंड' पद्धतीने उघडा आणि शेवटी जोडत जा. २०० आलं तर त्याने रेंज मानली नाही, तो पहिल्यापासून सगळी फाइल देतो आहे. ती शेवटी जोडली तर मुंजीच्या मध्येच पुन्हा पहिला भाग चिकटेल आणि फाइल बिघडेल. अशा वेळी जुना तुकडा पुसून नव्याने लिहायचं. ४१६ आलं तर मागितलेली जागा फाइलच्या पलीकडे आहे. बहुधा फाइल आधीच पूर्ण झालेली असते. एकूण आकाराशी ताडून बघा.

चौथी. मधल्या काळात स्टुडिओने फाइल बदलली तर? अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खिचडी नको. बरेच सर्व्हर फाइलसोबत 'ईटॅग' नावाची ओळखखूण देतात. ती पहिल्याच वेळी जपून ठेवा आणि पुढच्या वेळी 'इफ-रेंज'मध्ये पाठवा. फाइल तीच असेल तर उरलेला भाग येतो, बदलली असेल तर पूर्ण फाइल येते.

पाचवी. पायथनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीत वेळेची मर्यादा आपण घालावी लागते. नाही घातली, तर लाइन गेल्यावर स्क्रिप्ट रात्रभर नुसती ताटकळत बसू शकते. मर्यादा घाला. चुकलं तर दोन सेकंद थांबा, मग चार, मग आठ, आणि पुन्हा प्रयत्न करा. फाइल एकदम मेमरीत न घेता तुकड्यातुकड्यांनी डिस्कवर लिहा.

स्क्रिप्ट लिहायची नसेल तर 'कर्ल' आणि 'डब्ल्यूगेट' या मोफत साधनांत पुढे चालू ठेवण्याचा पर्याय तयार आहे.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. आकार जुळला म्हणजे मजकूर जुळला असं नाही. स्टुडिओकडून फाइलचा 'एसएचए-२५६' ठसा मागून घ्या आणि आपल्या प्रतीचा काढून ताडून पाहा. एक बाइट जरी वेगळा असेल, तरी ठसा वेगळा येतो. दोन्ही जुळले की दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत करा. तोपर्यंत घरी फोन करून एवढंच सांगा, की मूळ कॅसेट रद्दीत देऊ नका. फाइल पुन्हा मागवता येते. कॅसेट गेली तर आजोबांचा आवाज पुन्हा मिळणार नाही.