मीरा ताऱ्याचे अस्वस्थ वातावरण

हिवाळ्यातल्या संध्याकाळी तिमिंगल या तारकासमूहाकडे पाहिलेत, तर त्यातला एक तारा काही वर्षी सहज दिसतो, काही वर्षी मुळीच सापडत नाही. त्याचे नाव मीरा. आपल्या संत मीराबाईशी या नावाचा काही संबंध नाही बरे! लॅटिन भाषेत मीरा म्हणजे नवलाची. डेव्हिड फाब्रिसियस याने १५९६ साली त्याची नोंद केली. सुमारे ३३२ दिवसांनी तो पुन्हा तेजाला येतो.

अशांना रूपविकारी तारे म्हणतात. मीरा फुगतो नि आकसतो. पण फुगला म्हणजे उजळला, आकसला म्हणजे मंदावला, इतके ते सरळ नाही. बाहेरचे थर थंडावले की तिथे टिटॅनियम ऑक्साइडचे रेणू तयार होतात आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाश अडवतात. तेज शेकडो पटींनी घटते; एकूण ऊर्जा मात्र तितकी घटत नाही. ती बहुतांशी अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडतच असते.

आता या वातावरणाचे गणित मांडायचे कसे? सूर्याच्या बाबतीत, खालचा दाब वरच्या थरांचे वजन तोलून धरतो, असे मानून पुष्कळसे काम भागते. मीराला हा हिशेब लागू नाही. प्रत्येक स्पंदनासरशी धक्क्याची लाट उठते, वायू वर फेकला जातो, आणि तो खाली येतो न येतो तोच पुढची लाट येऊन थडकते. तेव्हा एक चित्र काढून चालत नाही; संगणकावर क्षणाक्षणाची स्थिती काढावी लागते. जॉर्ज बोवेन यांनी १९८८ साली असे नमुने प्रसिद्ध केले. लाटांनी उंच गेलेला वायू थंडावतो, त्यात धूलिकण धरतात, प्रकाश त्या कणांना ढकलतो आणि कण वायूलाही ओढून नेतात.

इथे एक पेच पडला. धूळ सिलिकेटची. तीत लोह असेल तर ती ताऱ्याजवळ तापून विरते. लोह नसेल तर ती काचेसारखी पारदर्शक. मग प्रकाश ढकलणार कशाला? २००८ साली सुसान ह्यॉफनर यांनी दाखवले, की कण पुरेसे मोठे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असले, तर प्रकाश शोषून नव्हे, विखुरून त्यांना रेटा मिळतो. २०१२ मध्ये अशा तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या अगदी निकट मोठे पारदर्शक कण खरोखरच आढळले.

तुम्हांला वाटेल, याचे आपल्याला काय? सुमारे पाच अब्ज वर्षांनी आपला सूर्यही असाच फुगणार आहे. तेव्हा त्याचे जितके द्रव्य वाऱ्यावर जाईल तितकी त्याची ओढ कमी होईल आणि पृथ्वीची कक्षा रुंदावेल. ती गिळली जाते की निसटते, हे बरेचसे त्या वाऱ्यावर ठरेल.