पत्ता तोच, घर नवे
(सिद्धेश्वर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा आपल्या पत्त्यातील जिल्ह्याचे नाव बदलले. घरे मात्र होती तेथेच राहिली. आजच्या विषयात याच्या नेमके उलट घडते. पत्ता तोच राहतो आणि घर बदलते. संस्थेचा ई-मेल एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत नेणे ते हेच.

हे काम केवळ मोठ्या शहरांचे आहे, असे मानण्याचे कारण नाही. केंद्र शासनाच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेत नेल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्त्यांची अखेर पूर्वीचीच राहिल्याने नागरिकांना नवे पत्ते लिहून घ्यावे लागले नाहीत. उद्या एखादी शिक्षणसंस्था वा पतसंस्थाही याच वाटेने जाईल.

पत्र पाठविणाऱ्या संगणकाला आपले घर ठाऊक नसते. पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हापुढचे नाव घेऊन तो इंटरनेटच्या सार्वजनिक नोंदवहीत चौकशी करतो. तेथे ‘एमएक्स’ नावाची नोंद असते. या नावाचे टपाल कोणत्या संगणकाकडे न्यावे, हे ती सांगते. ही पद्धत १९८६ पासूनची आहे. मात्र एकदा वाचलेली नोंद जगभरचे संगणक ठरावीक काळ स्मरणात ठेवतात. तो काळ ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असेल, तर नोंद बदलल्यावरही दिवसभर काही टपाल जुन्या दारी येत राहते. म्हणून आधीच एकदोन दिवस ही मुदत ३०० सेकंदांवर आणावी आणि मगच नोंद बदलावी.

सर्व पेट्या एकाच रात्री हलविणे क्वचितच साधते. अशा वेळी आपल्या धरणाकडे पाहावे. येलदरीचे पाणी सिद्धेश्वर जलाशयात येते व येथून कालव्यात जाते. तसेच सर्व टपाल प्रथम जुन्या यंत्रणेत घ्यावे आणि ज्यांच्या पेट्या हलल्या, त्यांचे पुढे नव्या यंत्रणेकडे सोडावे. अनोळखी नावाचे पत्र दोन्ही यंत्रणा एकमेकींकडे ढकलणार नाहीत, एवढे पाहावे. नाहीतर ते मध्येच फिरत राहते.

नवा संगणक काही तास बंद पडला, तर फारसे बिघडत नाही. पाठविणारा सहसा चार-पाच दिवस पुन:पुन्हा प्रयत्न करतो. खरा धोका चालू संगणकाचा आहे! त्याच्या यादीत नाव नसेल, तर ‘असा कोणी येथे नाही’ असे सांगून तो पत्र तत्काळ परत करतो. व्यक्तींची नावे यादीत सहज येतात. ‘मुख्याध्यापक’, ‘तक्रार’, ‘आवक’ असे पदांचे पत्ते राहून जातात. नागरिकांचे अर्ज नेमके त्यांवरच येतात, आणि अर्जाची मुदत पत्राच्या प्रवासासाठी थांबत नाही. नोंद बदलण्यापूर्वी ही यादी जुन्या आवक टपालाशी ताडून पाहावी.

जाणाऱ्या टपालाचीही व्यवस्था हवी. आपल्या नावाने कोणकोणत्या संगणकांनी पत्रे पाठवावीत, हे ‘एसपीएफ’ नोंदीत लिहिलेले असते. त्यात नव्या यंत्रणेचे नाव न घातल्यास आपलीच खरी पत्रे समोरच्याला बनावट वाटू लागतात. वेतनाची प्रणाली, कागद टिपून परस्पर पाठविणारे स्कॅनर यंत्र, हेही टपाल धाडतात. त्यांची आठवण बहुधा महिनाअखेरीस होते.

एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. त्या सार्वजनिक नोंदवहीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, पुष्कळदा संकेतस्थळ बनवून देणाऱ्या खासगी व्यावसायिकाकडे असते. तो व्यवसाय सोडून गेला, तर नोंद बदलणार कोण? ती किल्ली संस्थेच्या नावावर करून घ्यावी, आणि कार्यभार सोपविण्याच्या यादीत तिजोरीच्या किल्लीखालीच तिची नोंद करावी.