पांढरी, काळी आणि शेजारी

लांबून आलेल्या अभ्यासक मित्रांनो,

जालन्यात आपलं मनापासून स्वागत. मी बियाण्यांचा व्यापारी. पुरातत्त्व आणि त्यात वर संख्याशास्त्र म्हटल्यावर या परिषदेचं स्वागताध्यक्षपद नाकारणारच होतो. मग कळलं, की जवळच्या शेजाऱ्याचं अंतर मोजायची तुमची पद्धत क्लार्क आणि इव्हान्स यांनी 1954 साली मांडली ती रोपांच्या अभ्यासातून. म्हणजे विषय आमच्याच बांधावरचा निघाला! प्रत्येक रोपाला सर्वांत जवळचं रोप किती लांब, ते मोजायचं नि सरासरी काढायची. तेवढीच रोपं त्याच रानात कशीही पडली असती तर जी सरासरी आली असती, तिने भागायचं. फोकून दिलेलं बी 1 च्या आसपास येतं, पुंजक्यांनी माजलेलं तण त्याच्या खाली, आणि चौफुलीवर टोकलेली सरकी चोख 2. रोपांच्या जागी जुनी गावं ठेवली, की झालं तुमचं शास्त्र. (मंचावरचे काही चेहरे हसताहेत, तेव्हा एवढ्यावर भागत नसावं.)

जुनं गाव ओळखायची खूण आमच्या बोलीतच आहे. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पण पांढरीची माती गाड्या भरभरून धाब्याच्या घरांवर गेली, कित्येक टेकाडं नांगराखाली सपाट झाली. म्हणून नकाशावर ठिपका नाही तिथे कुणी राहतच नव्हतं, असं कृपा करून धरू नका.

दुसरी शंका हद्दीची. आमचा जिल्हा झाला 1 मे 1981 ला. केळनाकाठचं भोकरदन त्याच्या कितीतरी आधीचं. ते सातवाहनकाळातलं भोगवर्धन. भरहुत आणि सांचीच्या दानलेखांत त्याचं नाव आहे. 1973 च्या उत्खननात तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, आणि तिची बहीण शोभावी अशी मूर्ती थेट पॉम्पेईत निघालेली. एवढ्या दूरवर संबंध असलेल्या गावाचा सख्खा शेजारी कदाचित आजच्या सिल्लोड तालुक्यात असेल, नाहीतर बुलढाण्यात. जिल्ह्याच्या रेषेवर मोजणी थांबवली, तर शेजारी उगाच लांब दिसेल आणि सगळंच गणित फसेल. याचा बंदोबस्त तुम्ही कसा करता, ते ऐकायला मी मागच्या रांगेत बसणार आहे.

उद्या सकाळी 7 वाजता भोकरदनची बस निघेल. काल पाऊस झालाय. चपला नकोत, बूट घाला; आमची काळी पाहुण्यांचे पाय सोडत नाही.