मतिमंद मूल पापी नव्हे, रोगीही नव्हे

(वर्षावासानिमित्त बुद्धविहारात एका वकिलाने दिलेले भाषण)



धम्मदीक्षा घेऊन आपण देव्हारे काढले. परंतु ज्या घरी मतिमंद मूल आहे, तेथे ‘मागल्या जन्मीचे पाप’ हे शब्द अद्याप कानी पडतात. मग अंगारे-धुपारे होतात, नाहीतर मूल पाहुण्यांपासून लपविले जाते. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला. कारण त्याच्या आडून समाज आणि राज्य दीनदुबळ्यांविषयीची आपली जबाबदारी झटकतात.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली गेली, तिने जन्मांध, बहिरे, मुके आणि जडबुद्धी यांस वारसाहक्क नाकारला होता. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे कोणत्याही रोगामुळे वा व्यंगामुळे वारसा बुडत नाही. तेव्हा वाटणीच्या वेळी मतिमंद भावाचे नाव गाळणे हा अन्याय होय.

इंग्रजी अमदानीतील १९१२ च्या कायद्याने मतिमंद आणि वेडा यांस एकाच व्याख्येत कोंबले होते. १९८७ च्या कायद्याने मतिमंदत्व मानसिक आजारातून वगळले. २९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही तो भेद राखला. म्हणून केवळ बुद्धीची वाढ अपुरी आहे, एवढ्या कारणाने कोणासही मनोरुग्ण ठरवून या कायद्याखाली रुग्णालयात ठेवता येत नाही. मात्र अशा व्यक्तीस मानसिक आजारही जडला, तर उपचाराचा हक्क तिलाही आहे.

चंडीगडच्या सरकारी संस्थेतील एका मतिमंद स्त्रीचा गर्भपात करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता. तिला मूल हवे होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि तिच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही, असे ठरविले. तिच्या शब्दाला न्यायालयात किंमत मिळाली; आपल्या घरात ती मिळते काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मर्यादित पालकत्वाची सोयही त्यात आहे. परंतु अशा पालकाने त्या व्यक्तीच्या विचारानेच निर्णय घ्यावयाचा असतो.

म्हणून आधी दिव्यांगत्वाचे सरकारी प्रमाणपत्र मिळवा, मुलाला शाळेत घाला, आणि पुढच्या वंदनेला त्याला विहारात आपल्या शेजारी बसवा. समता ही घरापासून सुरू झाली पाहिजे.

जय भीम!