समीक्षकांनो, गाडीतल्या जागा मोजा



चित्रपटप्रेमींच्या मेळाव्यात अध्यक्षानं गोड बोलावं, अशी अपेक्षा असते. आज मी ती पुरी करणार नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या खुनावरचे कटकारस्थानी माहितीपट पाहून आपले समीक्षक जे लिहितात, ते वाचून मला संताप येतो. ‘थरारक’, ‘धाडसी’, ‘अस्वस्थ करणारे प्रश्न’! त्यातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या १९६४च्या अहवालात आहेत, पण तो उघडायची तसदी कोण घेतो?

‘तथ्यं इतिहासकारांनी तपासावीत, आम्ही कला पाहतो,’ हा त्यांचा बचाव मला साफ अमान्य आहे. इथे फसवणूक होते ती कलेच्याच आधारानं. ऑलिव्हर स्टोन यांचा १९९१चा ‘जेएफके’ हा कथापट, पण पुढच्या अनेक माहितीपटांनी त्याचाच कित्ता गिरवला. ‘जेएफके’मधल्या कोर्टाच्या प्रसंगात केनेडी आणि त्यांच्यापुढे बसलेले गव्हर्नर कॉनली यांच्या जागी दोन माणसं एकामागे एक, एकाच उंचीवर बसवली आहेत. मग विचारलं आहे, एकच गोळी वळणं घेत दोघांना कशी लागली? डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या गाडीत कॉनली यांची बैठक केनेडींच्या बैठकीपेक्षा खाली होती, दारापासून आतल्या बाजूला होती, आणि कॉनली उजवीकडे वळलेले होते. तसं बसवा, गोळीचा मार्ग सरळ होतो. चौकटीत माणसं कुठे बसवली, हे पाहणं समीक्षकाचं काम नाही, तर कुणाचं? त्याच चित्रपटात खरं जुनं चित्रण आणि नव्यानं रचलेलं चित्रण बेमालूम जोडलं आहे. त्या संकलनाला ऑस्कर मिळालं, आणि प्रेक्षकाला खरं कुठलं नि रचलेलं कुठलं, हे कळेनासं झालं.

या खेळात माणसं भरडली जातात. न्यू ऑर्लिन्सचे व्यापारी क्ले शॉ यांना सरकारी वकील जिम गॅरिसन यांनी १९६७ मध्ये केनेडींच्या खुनाच्या कटाच्या आरोपाखाली अटक केली. १९६९ मध्ये ज्यूरीनं तासाभराच्या आत त्यांना निर्दोष सोडलं. १९७४ मध्ये ते वारले. १९९१ मध्ये पडद्यावर गॅरिसन नायक झाले, शॉ कटातले आरोपी. २०२१ मध्ये स्टोन यांनी कान महोत्सवात ‘जेएफके रिव्हिजिटेड’ हा माहितीपट दाखवला, त्यातही शॉ यांच्यावरचा संशय पुन्हा उगाळला. मेलेला माणूस अब्रुनुकसानीचा दावा लावू शकत नाही. त्याची बाजू कोण मांडणार होतं?

२००३ मध्ये ‘द मेन हू किल्ड केनेडी’ या मालिकेच्या एका भागानं केनेडींचे उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यावर खुनाचा ठपका ठेवला. विरोध झाल्यावर हिस्टरी चॅनेलनं तीन इतिहासकारांकडून तो तपासून घेतला. त्यांनी २००४ मध्ये तो आरोप फेटाळला. ती छाननी प्रसारणाआधी व्हायला हवी होती.

सरकार काहीच लपवत नव्हतं, असं मी म्हणत नाही. क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांना मारण्याचे बेत सीआयएनं वॉरन आयोगापासून दडवले, हे सिद्ध झालं आहे. स्टोन यांच्या चित्रपटामुळे उठलेल्या गदारोळातून १९९२चा कायदा झाला, लाखो पानं खुली झाली. ते श्रेय त्यांचंच. पण दडवलेली फाईल म्हणजे दुसरा बंदूकधारी नव्हे. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं पोलिसांच्या ध्वनिमुद्रणावरून दुसऱ्या बंदूकधाऱ्याची शक्यता मांडली. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी दाखवलं की, ते आवाज गोळीबारानंतर सुमारे मिनिटभराचे आहेत. पहिलं सांगून दुसरं गाळणाऱ्या माहितीपटाला चार तारे देणाऱ्यानं वाचकाचा विश्वास विकला आहे.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. असा माहितीपट परीक्षणासाठी हातात आला, तर त्यातला एक तरी आरोप मूळ कागदांशी ताडून पाहा. तेवढा वेळ नसेल, तर परीक्षण लिहू नका.