रंगमंचाची मापं
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, गायकनट केशवरावांची जयंती होती. ज्यांच्या नावाचं ते घर, त्यांच्या जन्मदिवशी तिथं छप्पर कोसळलेलं होतं, राख होती आणि काळवंडलेल्या दगडी भिंती उभ्या होत्या. गावातले नाटकवाले रस्त्यावर उभे राहून रडले. मी वास्तुकलेचा माणूस. इमारती पडतात, जळतात, हे मला माहीत आहे. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं. १९०२ साली महाराज इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कुस्त्यांसारख्या झुंजींचं प्राचीन आखाडेवजा मैदान पाहिलं, युरोपातली नाट्यगृहं पाहिली आणि आपल्या रयतेलाही असं काही हवं, हे मनात घेऊन परतले. त्यातून खासबागेचं कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला लागूनच नाट्यगृह. १९१३ साली काम सुरू झालं, १९१५ साली पुरं झालं. नाव पॅलेस थिएटर. केशवरावांचं नाव स्वातंत्र्यानंतर लागलं. एका अंगाला शड्डू आणि दुसऱ्या अंगाला नांदी, असा शेजार मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही. तालमीतला पैलवान आणि संगीत नाटकाचा दर्दी ही कोल्हापुरात वेगळी माणसं नव्हती, दोघंही एकाच पेठेत राहणारी.

तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता, ही गोष्ट आपण सहज विसरतो. गायकनटाचा आवाज शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत पोचायचा तो घशाच्या आणि वास्तूच्या बळावर. प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नव्हता, कुठूनही रंगमंच दिसावा. वर लाकूड, खाली फळ्या. रंगमंचाच्या फळ्यांखाली पोकळी असते. पाऊल पडलं की ती पोकळी बोलते. तबल्याला जसं खोड, तशी रंगमंचाला ती पोकळी.

आणि त्या काळचे आवाजही कसे! केशवराव भोसले कोल्हापूरचेच, जन्म १८९०चा. पोरवयात नाटक कंपनीत गेले, ‘शारदा’ नाटकातली शारदा त्यांनी बालवयातच गाजवली. १९०८ साली हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली, तेव्हा ते विशीतही नव्हते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व यांच्या कंपन्यांचं संयुक्त ‘मानापमान’ झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मराठी रंगभूमीच्या आठवणींत त्या रात्रीला तोड नाही. पुढं तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय ३१. त्यांचा आवाज ज्या पिढीनं प्रत्यक्ष ऐकला ती पिढीही आता नाही. म्हणून मला वाटतं, ज्या गावात आणि ज्या घडणीच्या घरात तो आवाज घुमला, तेच त्याचं आपल्याकडे उरलेलं खरं माप होतं.

म्हणून आज मला अशा घरांच्या जतनाबद्दल बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, जुन्या नाट्यगृहाचं नूतनीकरण झाल्यावर, मला पाहायला बोलावलं होतं. बाहेरून रंगरंगोटी सुरेख, कमानीवर दिवे. आत गेलो. रंगमंचाच्या सागवानी फळ्या काढून गुळगुळीत फरशी बसवलेली. वर पीओपीचं छत. मी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली, तर आवाज मागच्या भिंतीवर आपटून माझ्याच तोंडावर आला. विंगेमागे मेन स्विचची खोली होती. तिथं जुने मखमली पडदे गुंडाळून रचलेले आणि त्यांच्यावर उघड्या वायरी लोंबत होत्या. रखवालदाराला विचारलं, जुन्या फळ्या कुठं आहेत? तो म्हणाला, ‘‘बंबात गेल्या साहेब. सबंध हिवाळा पाणी तापलं.’’

त्या माणसाचा मला राग आला नाही. त्या फळ्या काय होत्या, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कुठं लिहूनही ठेवलं नव्हतं.

अशी नोंद कशी कामी येते, हे व्हेनिसनं पाहिलं. तिथलं ला फेनिचे हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ला जळून खाक झालं. गावानं ठरवलं, होतं तसं आणि होतं तिथंच बांधायचं. पण ‘होतं तसं’ म्हणजे नेमकं कसं? तेव्हा उपयोगी पडला एक सिनेमा. दिग्दर्शक विस्कोन्तीच्या १९५४च्या ‘सेन्सो’चा सुरुवातीचा प्रसंग त्याच ऑपेरागृहात चित्रित झाला होता. त्यातून सज्ज्यांची नक्षी कशी होती, हे कारागिरांना पाहता आलं. २००३च्या डिसेंबरात तिथं पुन्हा संगीत वाजलं. सिनेमावाल्यांनी आपल्या कामासाठी केलेलं चित्रण अर्धशतकानं गावाच्या कामी आलं. पण अशा योगायोगावर किती गावांनी विसंबून राहायचं?

कोल्हापूरचं नाट्यगृह पुन्हा उभं राहावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. ते दगडातच नव्हे, आवाजातही जुनं असावं, असा माझा हट्ट आहे. त्यासाठी तिथं अनेक वर्षं राबलेले रंगमंच कामगार, प्रकाशयोजनाकार, तबलजी यांना कारागिरांच्या शेजारी बसवलं पाहिजे. कुठली फळी करकरायची, नटाची पट्टी विंगेतून कशी ऐकू यायची, हे नकाशात सापडत नाही.

आता आपल्या गावाचं. तुमच्या बाजारपेठेतलं जुनं थिएटर मी आज दुपारी पाहून आलो. कुलूप होतं, पण शेजारच्या दुकानदारांनी किल्ली मिळवून दिली. आत वटवाघळं आहेत, मागच्या कौलांतून पाणी येतं. रंगमंचाच्या फळ्या मात्र शाबूत आहेत. मी चपला काढून त्यांच्यावर चाललो. पाऊल पडलं की घुमतात. बाल्कनीचा कठडा लाकडीच आहे, एका खांबावर कुणी चाकूनं खाचा मारून खेळांचा हिशेब ठेवलाय. मेन स्विच बंद आहे, पण वायर अजून आतपर्यंत जिवंत आहे. ती आधी तोडून घ्या, आजच्या आज.

आणि मापं घेऊया. पैसे लागत नाहीत. टेप धरायला दोघं, आकडे लिहायला एक, फोटो काढायला एक. प्रत्येक फळीची रुंदी, प्रत्येक कैचीचा जोड, पडद्याच्या कप्प्या कुठं आणि किती, सगळं. ज्यांनी इथं नाटकं पाहिली, केली, त्यांनी येऊन तिथंच बसून बोलावं. शाळेतली मुलं ते फोनवर ध्वनिमुद्रित करतील.

मी उद्या सकाळी आठ वाजता तिथं असेन. टेप माझ्याकडे आहे. शिडी लागेल, वीस फुटी तरी हवी, आणि दोन बॅटऱ्या.